हॉलंडचा राजदिन आणि मुलांचा बाजार

आमच्या पेठेतील व्यापारी परगावी जातो तो बहुधा तीन कारणांनी : तीर्थयात्रा, लग्नकार्य किंवा वसुली. निव्वळ सण पाहण्यासाठी सहकुटुंब परदेशी जाणे आमच्या पिढीच्या हिशेबात बसणारे नव्हे. त्यातून तो सण परक्या देशाचा आणि दिवस ऐन रब्बीच्या आवकेचे. तरीही २०२४ सालच्या एप्रिल महिन्यात, महावीर जयंती आटोपल्यावर, बेळगावच्या रविवार पेठेतील पेढी धाकट्या बंधूंच्या स्वाधीन करून आम्ही नेदरलँड्स देशी, ज्यास आपण बोलण्यात हॉलंड म्हणतो तेथे, दोन आठवडे राहून आलो. मंडळाच्या चिटणिसांनी स्मरणिकेसाठी काही लिहून देण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्या प्रवासातील एका दिवसाविषयी लिहावे असे मनाने घेतले.

प्रवासवर्णन करण्याचे कसब आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या दुकानदारापाशी नाही, व ह्या लेखाचा तो हेतूही नाही. परंतु जो सण आम्ही पाहिला तो मुळात एका राजाचा वाढदिवस असून त्या देशातील लोकांनी त्याचा बाजार केला आहे. हे शब्द आम्ही निंदेने लिहीत नाही, कौतुकाने लिहीत आहोत. व्यापाऱ्याने समजून घ्यावा असा तो सण आहे. आणि आमच्यापुरते सांगावयाचे तर, तीस वर्षे आमच्या खतावणीत लिहिण्याचे राहून गेलेले एक नावे-खाते त्या दिवशी आम्हांस दिसले.

आमचे चिरंजीव गेली आठ वर्षे त्या देशी संगणकाच्या क्षेत्रात नोकरीस आहेत. ॲमस्टरडॅम शहरास लागून असलेल्या आम्स्टलफेन ह्या गावी त्यांचे बिऱ्हाड आहे. तेथे आपल्या देशाची कुटुंबे बरीच आहेत. ‘एकदा या’ असे निमंत्रण दरवर्षी येई, व दरवर्षी आम्ही ते हंगामाच्या सबबीवर पुढे ढकलीत असू. ह्या खेपेस निमंत्रण नातीने दिले. तिचे वय नऊ. दिवाळीत दूरध्वनीवर ती म्हणाली, “आजोबा, राजाच्या वाढदिवसाला मी दुकान मांडणार आहे. तुम्ही या आणि दुकान कसं चालवायचं ते मला शिकवा.” चाळीस वर्षे गादीवर काढलेल्या माणसास हे आमंत्रण मोडवेना. तिच्या वडिलांनी तर आमच्या पेढीवर पाऊल टाकण्याचे लहानपणीच सोडले होते. त्याचे कारण पुढे ओघाने येईल.

सणाची जन्मकथा

ह्या सणास डच भाषेत ‘कोनिंग्सडाख’, म्हणजे राजदिन, असे म्हणतात. विद्यमान राजे विलेम-अलेक्झांडर ह्यांचा जन्म २७ एप्रिल १९६७ चा. म्हणून २७ एप्रिल हा राजदिन. त्या तारखेस रविवार आल्यास सण आदल्या दिवशी शनिवारी साजरा करतात. २०१४ सालचा अगदी पहिला राजदिन असाच २६ एप्रिलला झाला, व २०२५ सालीही तसेच झाले. ज्यांस हा सण पाहण्यासाठी जावयाचे असेल त्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी वार अवश्य पाहावा.

परंतु सणाचे मूळ ह्या राजांच्या पुष्कळ आधीचे आहे. ३१ ऑगस्ट १८८५ रोजी राजकन्या विल्हेल्मिना पाच वर्षांची झाली. उत्रेख्त शहरातील एका वृत्तपत्राच्या संपादकांनी असे सुचविले की, ह्या लहान मुलीच्या वाढदिवसानिमित्त सर्वांनी एकत्र यावे, म्हणजे देशात ऐक्याची भावना वाढेल. हा ‘राजकन्यादिन’. १८९० साली वडील वारल्यावर दहा वर्षांची ती मुलगी राणी झाली व १८९१ पासून सणास ‘राणीदिन’ हे नाव पडले. ऑगस्टची अखेर म्हणजे तेथील शाळांची उन्हाळी सुट्टी संपण्याची वेळ. त्यामुळे हा सण मुलांचा होऊन बसला, आणि ते बालपण त्याने आजतागायत सोडलेले नाही.

१९४८ साली विल्हेल्मिना राणींनी आपली कन्या युलियाना हिच्याकडे गादी सोपविली. युलियाना राणींचा जन्म ३० एप्रिलचा, म्हणून १९४९ पासून सण त्या तारखेस आला. लोक फुले व भेटवस्तू घेऊन राजवाड्यासमोरून मिरवत जात व राणी पायऱ्यांवर उभ्या राहून त्यांचा स्वीकार करीत. १९८० साली त्यांच्या कन्या बेआट्रिक्स गादीवर आल्या. त्यांचा स्वतःचा वाढदिवस ३१ जानेवारीचा, म्हणजे कडाक्याच्या थंडीतला. त्यांनी आईच्या मानार्थ ३० एप्रिल हीच तारीख कायम ठेवली, परंतु एक मोठा बदल केला. लोकांनी राजवाड्यापर्यंत येण्याऐवजी राजघराण्यानेच दरवर्षी एखाददुसऱ्या गावी जाऊन लोकांत मिसळावे असा प्रघात त्यांनी पाडला. ह्याच प्रघाताने २००९ साली आपेलडोर्न गावी एक भीषण प्रसंग ओढवला. एका माणसाने गर्दीत मोटार घातली व निरपराध लोकांचे प्राण गेले. एवढे होऊनही ही वहिवाट त्यांनी मोडली नाही. ३० एप्रिल २०१३ रोजी बेआट्रिक्स राणींनी गादी पुत्रास दिली आणि राणीदिनाचा राजदिन झाला. आम्ही गेलो त्या वर्षी राजघराणे एमेन ह्या गावी गेले होते.

राजा गावी येवो न येवो, रंग मात्र सर्वत्र एकच, नारिंगी. ह्या घराण्याचे मूळपुरुष विलेम ह्यांस १५४४ साली दक्षिण फ्रान्समधील ‘ओरांज’ नावाचे संस्थान वारशाने मिळाले. पुढे स्पेनच्या सत्तेविरुद्ध डचांनी जे बंड केले त्याचे ते पुढारी झाले व १५८४ साली डेल्फ्ट येथे मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडले. गावाचे नाव व फळाच्या रंगाचे नाव एकच, म्हणून नारिंगी हा राष्ट्राचा आवडता रंग झाला. देशाचे निशाण लाल-पांढरे-निळे असले तरी त्या दिवशी त्यावर एक लांब नारिंगी पताका चढवितात. टोप्या, कोट, केस, कुत्र्यांच्या गळ्यांतील पट्टे, सर्व काही नारिंगी. आमच्या कुटुंबाने बरोबर नेलेली केशरी इरकल त्या गर्दीत इतकी शोभून दिसली की दोन अनोळखी बायकांनी थांबून तिचे कौतुक केले.

प्रवासाची आखणी व आहार

आमच्यामागून जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल एवढेच येथे लिहितो. युरोपातील बऱ्याच देशांस मिळून ‘शेंगेन’ नावाचा एकच परवाना चालतो. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो व तो निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावा लागतो. तारखा मिळण्यास वेळ लागतो म्हणून आम्ही जानेवारीतच दिला. तीस हजार युरोंपर्यंतचा आजारपणाचा विमा सक्तीचा आहे. आम्ही भरलेले शुल्क माणशी ऐंशी युरो होते. जून २०२४ पासून ते नव्वद झाले. बेंगळूरुहून थेट विमानाने सुमारे दहा तास लागतात. तेथील घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे पहिले दोन दिवस पहाटे तीन वाजताच भूक लागते.

दुधाचे पदार्थ बाहेरून नेण्यास त्या देशात प्रवाशांस मनाई आहे. तेव्हा तूप, पेढे व बर्फी घरी ठेवून खाकरे, भाजणीचे पीठ, मेतकूट व भडंग एवढेच नेले. अंड्याची अडचण मात्र पदोपदी येते. राजदिनी तेथे ‘तोम्पूस’ नावाची, वरून नारिंगी पाक ओतलेली एक चौकोनी मिठाई घरोघरी खातात. तीत अंडे असते, म्हणून आम्ही ती डोळ्यांनीच चाखली. पाकीटबंद मालावर अंडे, दूध, गहू इत्यादी ज्या जिन्नसांनी कोणास अपाय होतो त्यांची नावे ठळक छापलीच पाहिजेत असा युरोपात कायदा आहे. ‘एइ’ म्हणजे अंडे, हा एक शब्द पाठ केल्यास बाजारहाट निर्धोक होते.

रात्रिभोजनाचा त्याग करणाऱ्यांस तर हा ऋतु फारच अनुकूल. एप्रिलच्या अखेरीस ॲमस्टरडॅम येथे सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास व सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो. येथे घाईघाईने सहाच्या आत ताट उरकणारे आम्ही तेथे आठ वाजता उन्हात बसून जेवत होतो. हिवाळ्यात जाणाऱ्यांस मात्र ह्याच्या अगदी उलट, साडेचारलाच पान वाढावे लागेल.

मुक्त बाजार

आता मुख्य विषय. राजदिनी त्या देशात ‘फ्रायमार्क्ट’, म्हणजे मुक्त बाजार, भरतो. एरव्ही रस्त्यावर एक टोपली मांडून बसावयाचे तरी नगरपालिकेचा परवाना लागतो, आणि हे नियम ते लोक फार कसोशीने पाळतात. परंतु ह्या एका दिवशी कोणीही नागरिक आपल्या घरातील जुनी वस्तू रस्त्यावर मांडून परवान्याशिवाय विकू शकतो, व त्या विक्रीवर कर भरावा लागत नाही. उत्रेख्त शहरात तर हा बाजार आदल्या सायंकाळीच सुरू होऊन रात्रभर चालतो. ॲमस्टरडॅममधील फोंडेलपार्क नावाची विस्तीर्ण बाग त्या दिवशी मुलांच्या विक्रीसाठी राखून ठेवलेली असते. मोठ्यांनी तेथे धंदा मांडावयाचा नाही.

शहराच्या मध्यभागी त्या दिवशी ट्राम बंद असतात. पुढे लाकडी पेटी बसविलेली एक सायकल तेथे घरोघरी असते. त्या पेटीत नातीचा माल भरून चिरंजीव पहाटेच निघाले व आम्ही मागून पायी गेलो. बागेत जागोजाग खडूने चौकोन आखून त्यांत ‘जागा घेतली आहे’ अशा अर्थाचा शब्द लिहिलेला होता. आमच्या नातीनेही तसाच एक चौकोन आखला. चार हात लांब व तीन हात रुंद अशी ती तिची पेढी. गादीच्या जागी जुनी चादर. डावीकडे एक मुलगा सारंगीसारखे व्हायोलिन वाजवून पुढ्यात टोपी ठेवून बसला होता. उजवीकडच्या मुलीने लिंबाचे सरबत मांडले होते. समोर एका धटिंगणाने स्वतःच्या तोंडावर ओला स्पंज फेकून मारण्याचा खेळ लावला होता, व त्याचीच विक्री सर्वांत जोरात होती.

नातीपाशी एकेचाळीस नग होते : गोष्टींची पुस्तके, बाहुल्या, आखूड झालेली चाकांची पादत्राणे, एक लहान छत्री, चित्रांचे तुकडे जुळविण्याचे खेळ. आम्ही तिला जे शिकविले ते असे. स्वस्त वस्तू पुढे मांडावी, म्हणजे गिऱ्हाईक थांबते. महाग वस्तू मागे, पण नजरेच्या रेषेत. मोड वेगळ्या थैलीत ठेवावी. गिऱ्हाइकाशी बोलताना माल त्याच्या हातात द्यावा. भवानीचे गिऱ्हाईक, थोडे कमी मिळाले तरी, परत पाठवू नये. ‘भवानी’ हा शब्द तिला इतका आवडला की शेजारच्या सरबतवालीसही तिने तो शिकविला. पहिली विक्री एका वृद्ध बाईंनी केली. पन्नास सेंट, म्हणजे आपले सुमारे पंचेचाळीस रुपये, देऊन एक पुस्तक घेतले. नातीने ते नाणे कपाळास लावले. हे तिला आम्ही शिकविले नव्हते. आजीने शिकविले होते.

मग तो प्रसंग घडला. पवनचक्कीचे चित्र जुळविण्याचा एक खेळ होता, त्यातील एक तुकडा हरवलेला. नातीने त्या पेटीवर डच भाषेत चिठ्ठी चिकटविली होती : एक तुकडा नाही. आम्ही तिला सहज म्हणालो, “चिठ्ठी कशाला लावतेस? कोणी विचारलं तर सांग.” तिने आमच्याकडे नवलाने पाहिले. म्हणाली, “पण आजोबा, घरी गेल्यावर त्यांना कळेलच ना?”

चिरंजीव शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकले. ते काहीच बोलले नाहीत, आणि आमच्याने त्यांच्याकडे पाहवेना.

हरभऱ्याची दोन पोती

ही गोष्ट १९९४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. चिरंजीव तेव्हा दहा वर्षांचे होते व हौसेने पेढीवर येऊन बसत. एका खेड्यातील किराणा दुकानदार, आमचे जुने गिऱ्हाईक, हरभऱ्याची दहा पोती घेण्यास आले. वरच्या पोत्यांचा नमुना उत्तम होता. थप्पीच्या तळाची दोन पोती भुंगा लागलेली होती, हे आम्हांस ठाऊक होते, हमालास ठाऊक होते, आणि आदल्या दिवशी थप्पीवर खेळताना पाहिल्यामुळे मुलासही ठाऊक होते. सौदा तुटला, चिठ्ठी झाली, आणि मूल आपण होऊन म्हणाले, “काका, खालच्या दोन पोत्यांना भुंगा लागलाय.” दुकानदारांनी आठ पोती नेली.

गिऱ्हाईक पाठमोरे होते न होते तोच आम्ही सर्व हमालांदेखत मुलाचा कान धरला व म्हणालो, “दुकानात तोंड बंद ठेवता येत नसेल तर घरी बस.” ते घरी बसले ते कायमचेच. पुढे अभ्यासात हुशार निघाले, नोकरी लागली, परदेशी गेले. ‘आजकालच्या मुलांना गादी नको असते’ असे आम्ही मंडळाच्या सभेत अनेकदा म्हटले आहे, व ज्येष्ठांनी माना डोलविल्या आहेत. आमच्या घरापुरते तरी ते विधान खरे नव्हते. मुलास गादी हवी होती. त्या गादीवर बसण्यासाठी आम्ही जी अट घातली ती त्यास नको होती.

ह्यात आणखी एक मौज अशी की, तो खेड्यातील दुकानदार आम्हांस सोडून गेला नाही. उलट तो पुढे कित्येक वर्षे माल घेण्यास आला की प्रथम विचारी, “मुलगा आहे का दुकानात?” त्या प्रश्नाचा अर्थ आम्हांस कळत होता, आणि न कळल्यासारखे आम्ही हसत होतो.

इकडे बागेत त्या खेळाची किंमत नातीने दोन युरोंवरून एकावर आणली. दुपारी एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आले, त्यांनी चिठ्ठी वाचली, हसले, व पुठ्ठ्याचा तुकडा आम्ही घरी कापू असे म्हणून तो घेऊन गेले. सायंकाळपर्यंत एकूण तेवीस युरो चाळीस सेंट जमले. उरलेला माल तिने दुसऱ्या मुलांस वाटला. उन्ह असतानाच जेवण आटोपल्यावर आम्ही चिरंजिवांस म्हणालो, “हरभऱ्याच्या वेळी तुझंच बरोबर होतं.” ते क्षणभर थांबून म्हणाले, “अप्पा, मला वाटलं तुम्ही विसरला असाल.” “नाही,” आम्ही म्हणालो. एवढेच संभाषण झाले. त्यानंतर त्यांनी आपण होऊन पेठेतील एकेका माणसाची चौकशी केली, ती रात्री बऱ्याच उशिरापर्यंत चालली होती.

मापाड्यांचे घर

पुढील दिवसांत चिरंजिवांनी आम्हांस ॲमस्टरडॅमचा जुना भाग हिंडून दाखविला. धान्याच्या व्यापाऱ्यास त्या शहरी परके वाटू नये. सतराव्या शतकात ते युरोपातील धान्याचे मोठे कोठार होते. पोलंडकडील राय व गहू बाल्टिक समुद्रातून जहाजांनी तेथे येई, व हा व्यापार इतर सर्व व्यापारांची जननी आहे असे डच लोक म्हणत. कालव्यांच्या काठच्या उंच, अरुंद घरांच्या माथ्यावर एकेक तुळई पुढे आलेली दिसते. तिला कप्पी लावून पोती थेट वरच्या मजल्यावरील कोठारात ओढून घेत असत. पोत्याने भिंतीस घासू नये म्हणून कित्येक घरे मुद्दाम पुढे झुकती बांधली आहेत.

ह्याच भागात एक बेताची, नीटस इमारत आहे. ती १६२० साली बांधली गेली, आणि ती होती धान्य मापणाऱ्यांच्या संघाची. शपथ घेतलेल्या मापाड्यांनी मापल्यावाचून धान्याचा सौदा पुरा होत नसे. घेणारा दान्त्सिगचा असो वा लिस्बनचा, माप तिऱ्हाइताच्या हाती असल्यामुळे त्यास विश्वास वाटे. आमच्या मार्केट यार्डातील मापाडी आम्हांस आठवले. एवढे मोठे साम्राज्य उभारणाऱ्या शहराने मापाड्यांस स्वतःचे घर बांधून दिले ह्याचे आम्हांस फार अप्रूप वाटले, व आम्ही त्या उंबऱ्यापुढे बराच वेळ उभे राहिलो.

ह्याच डचांची वखार सतराव्या शतकात आमच्या जवळच्या वेंगुर्ले बंदरी होती; तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. आंबोली घाटाने बेळगावचा माल पुढे ज्या बंदरास उतरू लागला तेच हे बंदर. परंतु त्या व्यापाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मसाल्याच्या मक्तेदारीपायी १६२१ साली बांदा बेटांवर डच कंपनीने जी कत्तल केली ती, आणि गुलामांचा जो व्यापार केला तो, हे त्या भरभराटीचेच भुंगा लागलेले तळ होते. १ जुलै २०२३ रोजी राजे विलेम-अलेक्झांडर ह्यांनी ॲमस्टरडॅम येथे गुलामगिरीबद्दल जाहीर क्षमा मागितली. कायद्याने गुलामगिरी १८६३ साली बंद झाली, त्यास तेव्हा १६० वर्षे झाली होती. क्षमा मागण्यास उशीर होतो, तरी मागावी लागते, हे त्या राजांपेक्षा लहान माणसांसही लागू आहे.

दोन मिनिटे

राजदिनानंतर आठवडाभराने, ४ मे रोजी, तेथे दुसऱ्या महायुद्धातील मृतांचा स्मरणदिन असतो व ५ मे रोजी मुक्तिदिन. राजदिनासाठी जाणाऱ्यांनी शक्य झाल्यास तोवर राहावे. एकाच आठवड्यात त्या राष्ट्राचा हर्ष व शोक दोन्ही पाहावयास मिळतात. ४ मे रोजी रात्री आठ वाजता सारा देश दोन मिनिटे स्तब्ध होतो. गाड्या थांबतात, वाहने थांबतात. आम्ही वस्तीतील स्मारकापाशी उभे होतो. नऊ वर्षांची आमची नात, जी दोन मिनिटे कधी गप्प बसत नाही, तीही उभी होती.

त्या स्तब्धतेमागचे एक कारण धान्य-व्यापाऱ्याच्या काळजास भिडणारे आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी रसद अडविल्यामुळे, देशाच्या पश्चिम भागात भयंकर दुष्काळ पडला. शिधा दररोज हजार उष्मांकांच्याही खाली उतरला आणि वीस हजारांहून अधिक माणसे मेली. जे शहर एके काळी युरोपास धान्य पुरवीत होते तेथील लोकांनी बीट आणि ट्युलिपचे कंद शिजवून खाल्ले. २९ एप्रिल १९४५ पासून, बाँब टाकणाऱ्या विमानांतूनच त्यांच्यावर अन्नाची पोती टाकण्यात आली. दोनच दिवसांपूर्वी आम्ही लिसे येथील क्यूकेनहोफ बागेत ट्युलिपचे ताटवे पाहून आलो होतो. कंद न खाणारे आम्ही; परंतु ज्यांनी ते खाऊन जीव जगविला त्यांच्याविषयी मनात करुणेशिवाय दुसरे काही आले नाही.

मंडळापुढे एक सूचना

७ मे रोजी बेळगावचे मतदान होते, म्हणून ५ तारखेस विमानात बसून आम्ही वेळेवर परतलो. दुकानात आल्यावर पहिले काम केले ते असे की, थप्प्यांच्या तळाची पोती काढून पाहिली. तीन खराब निघाली; ती वेगळी मांडून वर चिठ्ठी लावली. त्या मालास गिऱ्हाईक मिळाले, भाव कमी मिळाला. बंधूंनी प्रथम नाक मुरडले, पण आता तेच चिठ्ठ्या लिहितात.

आमची मंडळास नम्र सूचना अशी आहे. आपण पाडव्यास वहीपूजन करतो, मुलांस नवे कपडे घालून गादीपुढे बसवितो, व पूजा संपताच घरी पाठवितो. त्याऐवजी वर्षातून एक दिवस पेठेचे आवार सकाळपासून सायंकाळपर्यंत मुलांच्या स्वाधीन करावे. व्यापाऱ्यांची मुले, हमालांची मुले, मापाड्यांची मुले, सर्वांनी आपापल्या घरची जुनी पुस्तके, खेळणी, वस्तू मांडाव्यात. मोठ्यांनी मोडीची थैली पुरवावी आणि जवळ बसावे. भाव मुलांनी सांगावा, चिठ्ठी मुलांनी लिहावी. मोठ्यांस एवढाच नियम असावा की, मुलाने गिऱ्हाइकास खरे सांगितले तर मध्ये बोलू नये.

खर्च काहीच नाही. एका दिवसाची विक्री बुडेल. पण आमच्यासारख्याने तीस वर्षांत जे बुडविले त्यापुढे ती किरकोळ आहे. येत्या दिवाळीस चिरंजीव सहकुटुंब येत आहेत. नातीने कळविले आहे की तिला पेढीवर बसावयाचे आहे, आणि कोणत्या पोत्यांवर चिठ्ठी आहे ते तिला आधी पाहावयाचे आहे.